पाणथळीची पातळी, अंतराळातून आणि काठावरून : प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी २०२५

आपण हाती घेतलेले पाणथळ क्षेत्र गोड्या पाण्याचे असून दोन जुन्या बांधांमुळे त्याचे तीन कप्पे पडले आहेत. यापुढील नोंदींत त्यांचा उल्लेख उत्तर, मधला आणि दक्षिण कप्पा असाच करीन. उत्तर कप्प्यात पाण्यात उभ्या असलेल्या झाडांचे दाट रान आहे, मधल्या कप्प्यात पाणकणीस आणि लव्हाळे यांची सलग दाटी आहे, तर दक्षिण कप्प्यात उंच बोरूच्या पट्ट्यांमधून उघड्या पाण्याची डबकी पसरली आहेत. पातळीमापक एकूण पाच असून त्यांपैकी चार उत्तर कप्प्यात व एक मधल्या कप्प्यात आहे. दक्षिणेत एकही नाही. ही विभागणी विचारपूर्वक झालेली दिसत नाही. जिथवर वाट पोहोचत होती तिथवर यंत्रे बसली आणि पुढे तीच व्यवस्था कायम राहिली.

पाणथळीत दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक ही किरकोळ गोष्ट नसते. फ्लोरिडातील एव्हरग्लेड्समध्ये वुड स्टॉर्क हा करकोचा उथळ पाण्यात दाटीने गोळा झालेल्या माशांवर पिल्ले वाढवतो. विणीच्या काळात पाणी ओसरत असताना ते अचानक पुन्हा चढले, तर मासे पांगतात आणि पक्षी भरली घरटी सोडून जातात. पातळी फार खाली गेली, तर अर्धवट कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेली माती हवेच्या संपर्कात येऊन झिजू लागते, आणि शतकानुशतके साठलेला कार्बन वायुरूपाने बाहेर पडतो. म्हणून आपल्याला संपूर्ण क्षेत्रातील पातळी कशी बदलते आहे हे हवे आहे, केवळ पाच ठिकाणची नव्हे. उपग्रहावरील रडार ही उणीव किती भरून काढू शकते, हे तपासणे हा या प्रकल्पाचा हेतू आहे.

१७ फेब्रुवारी २०२५

पद्धतीमागील तत्त्व येथे सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढील प्रत्येक निर्णयाचे मूळ त्यातच आहे.

उघड्या, शांत पाण्यावर तिरपी आलेली रडारची लहर आरशावर पडावी तशी पलीकडे निघून जाते. उपग्रहाकडे जवळजवळ काहीच परत येत नाही आणि चित्रात ती जागा काळी दिसते. परंतु त्याच पाण्यातून खोड किंवा ताठ देठ वर आलेला असेल, तर लहर पाण्यावरून खोडावर, किंवा खोडावरून पाण्यावर, अशी दोनदा उसळून थेट आली त्या दिशेने परत फिरते. यालाच दुहेरी परावर्तन म्हणतात. पूर आलेले जंगल रडारच्या चित्रात कोरड्या जंगलापेक्षा अधिक उजळ दिसते, ते याच कारणामुळे. या दुहेरी उडीत लहरीने कापलेले एकूण अंतर हे जणू खोड आणि पाणी जिथे मिळतात त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येण्याइतकेच भरते. पाणी चढले की हा कोपरा चढतो, उपग्रहापासूनचे अंतर घटते, आणि परतलेल्या लहरीची कला, म्हणजे रोजच्या बोलण्यात आपण जिला फेज म्हणतो ती, बदलते. एकाच जागेवरून वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या दोन चित्रांतील कलांची वजाबाकी केली की मधल्या काळात पातळी किती बदलली याचा रंगपट्ट्यांचा नकाशा मिळतो. त्याला इंटरफेरोग्राम म्हणतात.

रंगांचे एक पूर्ण आवर्तन म्हणजे पातळीतील किती फरक, हे तरंगलांबीला आपाती कोनाच्या, म्हणजे लहर उभ्या रेषेशी जितकी तिरपी येते त्या कोनाच्या, कोज्येच्या दुपटीने भागले की कळते. जपानच्या अलॉस उपग्रहावरील पालसार रडारची तरंगलांबी २३.६ सेंटिमीटर आणि आपाती कोन सुमारे ३९ अंश होता. म्हणजे एक पट्टा सुमारे १५ सेंटिमीटरचा. युरोपच्या सेंटिनेल-१ ची तरंगलांबी सुमारे ५.५५ सेंटिमीटर आहे; आपल्या क्षेत्रावरील कोन ३८ अंशांच्या आसपास असल्याने येथे एक पट्टा सुमारे ३.५ सेंटिमीटरचा होईल.

हा मार्ग दाखवणारे काम जुने आहे. १९९४ साली एंडेव्हर या अंतराळयानावरून उडवलेल्या सर-सी रडारच्या माहितीतून डग्लस अल्सडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी ॲमेझॉनच्या पूरमैदानातील पाण्याची घट मोजली आणि २००० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली. पुढे शिमोन व्दोविन्स्की आणि सहकाऱ्यांनी जपानच्या जेईआरएस-१ उपग्रहाच्या चित्रांवरून २००४ साली एव्हरग्लेड्समधील पातळीतील बदलांचे नकाशे मांडले. त्या नकाशांचे महत्त्व मला असे वाटते की, रंगपट्टे बांधांपाशी येऊन तुटतात ही गोष्ट त्यांत डोळ्यांना स्पष्ट दिसते. पाणी बांधाने अडते, तसा त्याचा रंगही बांधाशी थांबतो.

६ मार्च २०२५

अलॉसच्या संग्रहातील १२ सप्टेंबर आणि २८ ऑक्टोबर २००८ ही जोडी निवडली. उपग्रह ४६ दिवसांनी त्याच कक्षेत परतत असे, त्यामुळे याहून जवळची जोडी मिळणे शक्य नव्हते. जुन्या चित्रांपासून सुरुवात करण्याचे कारण असे की लांब तरंगलांबीची लहर पानांच्या छतातून आत शिरते, खोडे आणि पाणी यांच्यापर्यंत पोहोचते, आणि महिना-दीड महिना उलटूनही दोन चित्रांमधील सुसंगती, म्हणजे एकाच जागेवरून परतलेल्या लहरींचे एकमेकींशी साम्य, बऱ्यापैकी टिकते. पाने हलली, गळली, नवी आली, तरी खोड जागचे हलत नाही.

दोन्ही चित्रांचे जुळवणे, भूपृष्ठाच्या उंचीचा वाटा वजा करणे आणि रंगपट्ट्यांतील विस्कळीतपणा कमी करणारी गोल्डस्टीन गाळणी लावणे हे टप्पे अडचणीशिवाय पार पडले. उत्तर कप्प्यात दोन ठळक आवर्तने उमटली आहेत, पश्चिमेकडून पूर्वेकडे क्रमाने सरकत जाणारी. मधल्या कप्प्यात एकच फिकट आवर्तन आहे. हे चित्र प्रथम पडद्यावर आले तेव्हा मी बराच वेळ केवळ पाहत राहिलो. वर्षानुवर्षे ज्या पाण्याची पाच बिंदूंवरील आकडेवारीच आपल्यापाशी होती, त्याचा उतार प्रथमच सलग दिसला होता.

१२ मार्च २०२५

उत्तर कप्प्यातील चार पातळीमापकांच्या २००८ च्या नोंदींशी तुलना केली असता पट्ट्यांची संख्या जुळली, पण दिशा उलटी आली. नकाशानुसार पूर्वेकडील पाणी पश्चिमेपेक्षा कमी उतरलेले होते, आणि मापकांनुसार ते अधिक उतरलेले होते. चूक माझी होती. कलेची वजाबाकी आधीच्या चित्रातून नंतरचे अशी करायची की उलट, याबाबत प्रत्येक संगणक-प्रणालीचा संकेत निराळा असतो, आणि मी तो तपासून न पाहता गृहीत धरला होता. चिन्ह बदलल्यावर चारही ठिकाणी नकाशा व मापक यांच्यातील फरक ४ सेंटिमीटरच्या आत आला.

ही चूक मापकांमुळेच सापडली, हे येथे मुद्दाम नोंदवतो. केवळ नकाशा पाहून चढ आणि उतार यांतील भेद ओळखण्याचा कोणताही मार्ग नव्हता. दोन्ही चित्रे तितकीच नेटकी दिसली असती.

२८ मार्च २०२५

आता चालू काळातील चित्रांकडे वळलो आहोत. सेंटिनेल-१ए हा उपग्रह ३ एप्रिल २०१४ रोजी सोडण्यात आला आणि तो दर १२ दिवसांनी त्याच कक्षेत परततो. त्याचा जोडीदार सेंटिनेल-१बी डिसेंबर २०२१ मध्ये वीजपुरवठ्यातील बिघाडाने बंद पडल्यापासून सहा दिवसांचे अंतर राहिले नाही. १सी डिसेंबर २०२४ मध्ये अवकाशात गेला आहे, पण आपल्या मालिकेत सातत्य राहावे म्हणून तूर्त १ए चीच चित्रे वापरणार आहोत.

३, १५ आणि २७ मार्चची चित्रे घेऊन दोन इंटरफेरोग्राम तयार केले. निष्कर्ष संमिश्र आहे. मधल्या कप्प्यातील पाणकणीस सध्या वाळके आणि ताठ असल्याने सुसंगती चांगली आहे आणि पट्टे वाचता येतात. उत्तरेतील रानात मात्र चित्र विस्कटलेले आहे, कारण साडेपाच सेंटिमीटरची लहर पानांच्या वरच्या थरातच अडकते आणि बारा दिवसांत पाने स्थिर राहत नाहीत. म्हणजे अलॉसला जिथे सर्वांत चांगले दिसत होते, नेमके तिथे सेंटिनेलला दिसत नाही.

आणखी एक मर्यादा ध्रुवणाची, म्हणजे लहर कोणत्या दिशेत कंप पावते याची, आहे. दुहेरी परावर्तन आडव्या ध्रुवणात, म्हणजे लहर आडवी सोडून आडवीच टिपली असता, अधिक ठळक येते; उभ्या ध्रुवणात खोडावरील परावर्तन काही कोनांवर बरेच क्षीण होते. सेंटिनेल-१ जमिनीवर प्रामुख्याने उभ्या ध्रुवणातच काम करतो. जे मिळते आहे ते मोफत आणि नियमित मिळते आहे, याचे मोल मी कमी लेखत नाही, परंतु कोणत्या कप्प्यात कोणत्या उपग्रहावर विसंबायचे हे आताच ठरवून ठेवलेले बरे.

९ एप्रिल २०२५

८ एप्रिलचे चित्र उतरवून घेतले. अचूक कक्षानोंदी, म्हणजे चित्र घेताना उपग्रह नेमका कुठे होता याच्या नोंदी, सुमारे २० दिवसांनी उपलब्ध होतात, म्हणून अंतिम प्रक्रिया तेव्हाच करायची आणि तोवर तात्पुरत्या कक्षानोंदींवर केवळ प्राथमिक पाहणी करायची, असे ठरवले.

२२ एप्रिल २०२५

गेला पूर्ण आठवडा एका चुकीचा माग काढण्यात गेला. ती चूक अशा प्रत्येक कामात संभवते असे मला वाटते, म्हणून विस्ताराने लिहितो.

इंटरफेरोग्राममध्ये कला केवळ एका आवर्तनापुरती दिसते. शून्यापासून सुरू होऊन पूर्ण फेरी झाली की पुन्हा शून्य. घड्याळातील काटा पाहून किती वाजून किती मिनिटे झाली हे कळते, पण दरम्यान किती दिवस गेले ते कळत नाही, तसे हे आहे. सलग नकाशा मिळवण्यासाठी चित्रातील शेजारशेजारच्या चौकटींमध्ये, म्हणजे पिक्सेलांमध्ये, अर्ध्या आवर्तनापेक्षा मोठी उडी नाही असे धरून एकेक चौकट जोडत जावे लागते. या कलेच्या उकलीसाठी आम्ही स्नाफू ही सर्वत्र वापरली जाणारी प्रणाली वापरतो. जमिनीच्या हालचालींच्या अभ्यासात हे गृहीतक बहुधा टिकते. पाणथळीत बांधाच्या अल्याडचे पाणी जागचे हलले नसताना पल्याडचे वीस सेंटिमीटर उतरलेले असू शकते, आणि बांधाची रुंदी तर आपल्या एका चौकटीपेक्षाही कमी असते.

प्रणालीने उत्तर आणि मधला कप्पा एकसंध पृष्ठभाग समजून जोडले. परिणामी, बांधावरून उडी मारताना हरवलेली आवर्तने मधल्या कप्प्याच्या प्रत्येक आकड्यात शिरली आणि तेथील एकमेव मापकाशी नकाशाचा मेळ बसेना. फरक दर वेळी ३.५ सेंटिमीटरच्या पूर्ण पटीत येत होता, आणि हीच खूण आम्हांला मूळ कारणापर्यंत घेऊन गेली. मोजमापातील साधी चूक अशी मोजून-मापून पटीत येत नाही.

आता बांधांच्या रेषा नकाशावर आखून प्रत्येक कप्पा वेगळा कापला आहे. उकलही प्रत्येकाची वेगळी होईल, आणि प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या मापकाचा आधार दिला जाईल. हे लिहीत असताना दक्षिण कप्प्याला असा आधारच नाही, ही गोष्ट प्रथमच बोचली.

१५ मे २०२५

२ मे आणि १४ मेच्या जोडीत मधल्या कप्प्यावर एक सुरेख कमान उमटली. पाणी कमानीच्या आतील बाजूस चढले असावे असे पाहताक्षणी वाटते, आणि बैठकीत तसा अर्थ लावलाही गेला. परंतु ही कमान मधल्या कप्प्यात सुरू होऊन बांध ओलांडते आणि पलीकडच्या कोरड्या शेतजमिनीवर तशीच पुढे जाते. पाणी असे करू शकत नाही. हे पट्टे हवेतील बाष्पाचे आहेत: दोनपैकी एका दिवशी हवेचा एक ओलसर पट्टा क्षेत्रावर होता, त्यामुळे लहरीला किंचित उशीर झाला, आणि तो उशीर पातळीतील बदलासारखा भासला.

यातून एक कसोटी हाती आली, जी पुढे प्रत्येक जोडीला लावायची आहे. बांधाशी तुटणारा पट्टा पाण्याचा मानावा, बांध न जुमानणारा पट्टा हवेचा मानावा, आणि शंका असेल तर त्याच तारखेचे चित्र दुसऱ्या एखाद्या तारखेशी जोडून पाहावे. १४ मेचे चित्र २६ मेच्या चित्राशी जोडल्यावर तीच कमान उलट्या रंगक्रमाने आली, तर बाष्प १४ मे रोजी होते हे निश्चित होईल.

३ जून २०२५

कमान उलटी आली. १४ मेचे चित्र मालिकेतून वगळले.

याच सुमारास मधल्या कप्प्यातील मापकाची नोंद एका रात्रीत ९ सेंटिमीटरने खाली घसरलेली आढळली, तर त्या काळातील इंटरफेरोग्राममध्ये तसे काहीच दिसत नव्हते. पहिला कल रडारला दोष देण्याकडे होता. क्षेत्रावरील सहकारी प्रत्यक्ष जाऊन मोजपट्टी वाचून आले, तेव्हा समजले की देखभालीच्या वेळी संवेदक काढून पुन्हा बसवताना त्याचा शून्यबिंदू बदलला होता आणि तशी नोंद कोणी ठेवली नव्हती. या वेळी नकाशाने मापकाची चूक दाखवली. मार्चमध्ये याच्या उलट घडले होते. मात्र एका मापकावर संपूर्ण कप्पा सोपवल्यावर असे काही झाले तर काय होते, हेही यातून उघड झाले: मापक ९ सेंटिमीटर चुकला की सगळा कप्पा ९ सेंटिमीटर चुकतो, आणि नकाशाचा आकार तेवढाच निर्दोष दिसत राहतो.

२० जून २०२५

दक्षिण कप्प्यासाठी कलेऐवजी केवळ उजळपणावर काम करून पाहिले. उघडे पाणी काळे आणि बोरू उजळ, म्हणून एका ठरावीक मर्यादेवरून पाण्याचा विस्तार काढता यावा, अशी कल्पना होती. ७ जूनच्या चित्रात अर्धी डबकी दिसेनाशी झाली. त्या सायंकाळी जोराचा वारा होता; वाऱ्याने उठलेल्या लाटांमुळे पाण्याचा पृष्ठभाग खडबडीत होतो, उभ्या ध्रुवणात त्यावरून लहरी परततात, आणि पाणी जमिनीसारखे उजळ दिसू लागते. उभे सोडून आडवे टिपलेले, अर्थात मिश्र ध्रुवणाचे चित्र वाऱ्याला कमी बळी पडते, म्हणून यापुढे दोन्ही एकत्र पाहायचे.

कप्प्याच्या पूर्व टोकाला जलपर्णीचे थर साचले आहेत. ती पाण्यावर तरंगते, वाऱ्याबरोबर सरकते आणि पातळीबरोबर स्वतःही वर-खाली होते. तिच्यातून ना दुहेरी परावर्तन मिळते ना सुसंगती. हा भाग नकाशात रिकामा ठेवला आहे. तेथे आसपासच्या आकड्यांवरून रंग भरणे सोपे होते, पण पाहणाऱ्याला तो मोजलेला भाग वाटला असता.

१४ जुलै २०२५

गेल्या दहा दिवसांत क्षेत्रावर सर्वत्र जोरदार पाऊस झाला आहे. १ जुलै आणि १३ जुलैची जोडी तात्पुरत्या कक्षानोंदींवर आज सकाळी तयार केली. मधल्या कप्प्यात पश्चिमेकडील दरवाजातून पाणी सोडले जात असल्याने तेथे दाट, वक्र पट्टे आहेत. दक्षिण कप्प्यात बोरूच्या भागात सुसंगती आश्चर्य वाटावे इतकी चांगली आहे, आणि रंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच आहे. एकही पट्टा नाही.

प्राथमिक अहवालाच्या मसुद्यात ‘दक्षिण कप्प्यात उल्लेखनीय बदल नाही’ असे वाक्य लिहिले गेले होते. दुपारी क्षेत्रावरील सहकाऱ्यांचा निरोप आला की दक्षिणेकडील बांधालगतची पायवाट पाण्याखाली गेली आहे, आणि दरवाजाच्या खांबावरील जुन्या पाणरेषेच्या दोन वीत वर पाणी उभे आहे.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. दक्षिणेचा दरवाजा बंद आहे, तळ सपाट आहे, पाऊस सर्वत्र सारखा पडला. त्यामुळे पाणी सर्वत्र सारखेच चढले. इंटरफेरोग्राम एका ठिकाणचा बदल दुसऱ्या ठिकाणच्या बदलाच्या तुलनेत दाखवतो. सगळीकडे बदल सारखाच असेल, तर तुलनेत दाखवण्यासारखे काही उरत नाही, मग पाणी एक सेंटिमीटर चढलेले असो वा चाळीस. हे तत्त्व मला फेब्रुवारीपासून ठाऊक होते. तरीही तो सपाट रंग पाहून माझ्याही मनात प्रथम ‘शांतता’ हाच शब्द आला. रंगांच्या नकाशात बदल नसणे आणि बदलात फरक नसणे या दोन गोष्टी अगदी एकसारख्या दिसतात, हे लक्षात ठेवण्यासाठी केवळ सूत्र माहीत असणे पुरत नाही.

मसुद्यातील वाक्य काढून त्याजागी असे लिहिले आहे: ‘दक्षिण कप्प्यातील पाणपातळीत झालेला बदल सर्वत्र सारखा आहे, तो किती आहे हे उपलब्ध साधनांवरून सांगता येत नाही.’

१७ जुलै २०२५

बांधालाच आधार मानून दक्षिणेचा आकडा काढता येईल का, हे तपासले. बांध कोरडा आणि स्थिर आहे. त्याच्या व लगतच्या पाण्याच्या कलेतील फरक मोजता आला, तर पाण्याचा बदल निदान अपूर्ण आवर्तनापुरता तरी कळतो. तसा तो कळलाही: ३.५ सेंटिमीटरच्या कोणत्यातरी पूर्ण पटीत आणखी सुमारे एक सेंटिमीटर. पट किती, हे मात्र सेंटिनेलला सांगता येत नाही. पूर्ण आवर्तने दहा असोत वा अकरा, चित्र तेच राहते. लांब तरंगलांबीचे चित्र त्याच दिवसांचे असते, तर शक्यता १५ सेंटिमीटरच्या अंतराने विखुरल्या असत्या आणि पाणरेषेच्या ढोबळ निरीक्षणावरूनही त्यांतील एक निवडता आली असती.

३१ जुलै २०२५

काल श्रीहरिकोटा येथून जीएसएलव्ही-एफ१६ या प्रक्षेपकाने निसार उपग्रह कक्षेत सोडला. नासा आणि इस्रो यांच्या या संयुक्त उपग्रहावर सुमारे २४ सेंटिमीटर तरंगलांबीचे एल-बँड आणि सुमारे ९ सेंटिमीटरचे एस-बँड अशी दोन रडारे आहेत, १२ मीटर व्यासाचा परावर्तक आहे, आणि तो दर १२ दिवसांनी त्याच कक्षेत परतणार आहे. अलॉसची लांब लहर आणि सेंटिनेलची नियमितता या दोन गोष्टी आजवर आपल्याला एकत्र मिळत नव्हत्या. उत्तरेतील रानासाठी तर मी मार्चपासून याचीच वाट पाहतो आहे, आणि कालचे प्रक्षेपण पाहताना झालेला आनंद येथे नोंदवण्यात मला संकोच वाटत नाही.

तरीही दक्षिण कप्प्याचा प्रश्न निसारने सुटणार नाही. त्याच्या नकाशातही सारखा बदल सपाटच दिसेल. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला स्वॉट उपग्रह उघड्या पाण्याची प्रत्यक्ष उंची मोजतो, आणि मोठ्या सरोवरांसाठी ते अमोल आहे. परंतु बोरूंनी झाकलेल्या लहान डबक्यांवर त्याची भिस्त ठेवता येत नाही.

७ ऑगस्ट २०२५

बैठकीत पातळीमापकांच्या जागा बदलण्याचा प्रस्ताव मांडला. उत्तर कप्प्यातील चार मापकांपैकी दोन एकमेकांपासून फार दूर नाहीत आणि सहा महिन्यांच्या नोंदींत त्यांच्यातील फरक दोन सेंटिमीटरच्या वर गेलेला नाही. त्यांपैकी एक उचलून दक्षिण कप्प्यात, शक्यतो बोरूच्या सलग पट्ट्याजवळ आणि जलपर्णीपासून दूर बसवावा. आणखी एक मधल्या कप्प्यात, जुन्या मापकाला पडताळा म्हणून द्यावा. उत्तरेत उरलेले दोन पुरेसे आहेत, कारण तेथील उताराचा आकार रडार सांगेल आणि दोन मापक त्या आकाराला दोन्ही टोकांनी बांधून ठेवतील.

एका सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला की उत्तरेतील नोंदींची मालिका सर्वांत जुनी आहे आणि ती तोडणे योग्य नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणून सर्वांत जुनी मालिका असलेला मापक जागेवर ठेवून त्याचे शेजारी हलवायचे ठरले. हलवण्याआधी तीन आठवडे समांतर मोजणी करावी, असे मी सुचवले होते. पाऊस पाहता तितका वेळ मिळणार नाही असे सर्वांचे मत पडले आणि एक आठवडा मान्य झाला. नव्या जागांची उंची एकाच संदर्भतलावरून, म्हणजे उंची शून्य मानलेल्या एकाच ठरावीक पातळीवरून, मोजायची आणि शून्यबिंदूची नोंद खांबावरच कोरून ठेवायची, हेही ठरले. बदल मोजताना संदर्भतल वजाबाकीत नाहीसा होतो, त्यामुळे त्यातील चूक वर्षानुवर्षे लपून राहू शकते, आणि कप्प्याकप्प्यांच्या प्रत्यक्ष पातळ्या एकमेकींशी ताडायची वेळ आली की ती उघडी पडते.

१९ ऑगस्ट २०२५

ठरल्याप्रमाणे मोजणी आटोपून दक्षिण कप्प्यातील मापक १७ तारखेस बसवून झाला. काल, १८ ऑगस्ट रोजी सायंकाळी उपग्रह क्षेत्रावरून गेला त्याच घटकेला सहकाऱ्यांनी मोजपट्टीही डोळ्यांनी वाचली. संवेदकाचा आकडा आणि पट्टीवरील वाचन यांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक आला. या कप्प्याची ही पहिली नोंद आहे, त्यामुळे तिच्याशी जोडायला मागची नोंद नाही. पुढील चित्र ३० ऑगस्टला येईल, आणि त्या जोडीपासून दक्षिणेच्या नकाशावर रंगाबरोबर आकडाही लिहिता येईल.